विमानाच्या शेपटीची चौथी तार

स्वराज्य येऊन इतकी वर्षं झाली तरी आमच्या गावाला प्यायचं पाणी नव्हतं. त्याची पत्रकं वाटत मी पुलगावच्या भंगारवाल्याकडे शिरलो. तिथे धोतर-टोपीतला एक माणूस लढाईतल्या लष्करी भंगारात पोलादी तारा निवडत बसला होता.

"हे काका घरी इमान बनवून राह्यले," भंगारवाला हसत म्हणाला. "शेपटी ताणून बांधाले तीन तारा भेटल्या, चौथी पाह्यजे."

माझं डोकं फिरलं. "काका, लोकाईले पाणी नाई, अन् तुमाले इमान सुचते?"

"विहीर खोदाची असन त बलावाले येजो. येतो मी," तो मान वर न करता म्हणाला.

मग त्यानं खिशातून कापूस काढला आणि तारेवरून हलक्या हातानं ओढत नेला. तारेच्या पिळातली एखादी बारीक काडी तुटली असेल, तर कापूस तिथे अडकतो. एकेक तार बाद होत गेली. शेवटची जवळजवळ पूर्ण साफ निघाली, आणि टोकाशी कापसाचा एक तंतू अडकला. तो कितीतरी वेळ त्या तंतूकडे पाहत राहिला.

"घ्या ना काका. वर्षभर हिंडून राह्यले. एवढ्याशानं काय होते?" भंगारवाला म्हणाला.

"शेपटी सुटली त वरून कोणाले हाक मारू, बापू?"

तार जागेवर ठेवून तो रिकाम्या हातानं निघून गेला. जिवावर उदार झालेली माणसं मी मोर्च्यांत पुष्कळ पाहिली. उडायची एवढी ओढ असून जमिनीवर थांबायची हिंमत असलेला माणूस हा एकच.