सातवी मूठ

त्या वर्षी कानबाईच्या गव्हाला मी हात लावावा की नाही, हेच मला कळत नव्हतं. आम्ही खानदेशी माणसं सुरतेला मागांवर पोट भरायला आलो, पण श्रावणात कानबाई बसवायचं काही सोडलं नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरात बसते आणि सोमवारी सकाळी तापीवर तिला निरोप देतात. तिच्यासाठी रोट करतात. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ गहू काढायचे, चक्की धुवून घेऊन त्यावर दळून आणायचे, आणि त्या पिठाचं जे होईल ते घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचं. परक्याला त्यातला घासही द्यायचा नाही. आमच्या घरात ही मूठ आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची होती. त्या वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी मला सांगून टाकलं की यंदा गहू तू काढ. एरवी मी चार घरी सांगत फिरले असते. पण महिन्याभरापूर्वी जे झालं होतं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

झालं होतं ते असं. मी घरी साड्यांना टिकल्या लावायचं काम करायची. तयार साड्यांचं गाठोडं घेऊन आठवड्यातून दोनदा आमच्या वस्तीतून, गोडादऱ्याहून, बाजारात जावं लागे. त्या दिवशी दुपारी मी नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभी होते. शेजारी विजेच्या खांबाला टेकून एक माणूस बसला होता. तिशी-पस्तिशीचा असेल, अंगावर रंगाचे डाग पडलेला शर्ट. त्याला अचानक उलटी झाली आणि तो छाती धरून वाकला. आजूबाजूची माणसं पुढे येण्याऐवजी मागे सरकली. त्यांना मी नावं ठेवणार नाही. प्लेगला अजून वर्षही झालं नव्हतं. आदल्या साली आम्ही सगळेच तोंडाला रुमाल बांधून, मुलांना काखोटीला मारून गावाकडे पळालो होतो. तेव्हापासून सुरतेत कुणी नुसता खोकला तरी लोक त्याच्याकडे वळून बघत.

त्याने पाणी मागितलं. माझ्या पिशवीत फिरकीचा तांब्या होता. आधी मी लांबूनच वरून धार धरली, पण पाणी त्याच्या हनुवटीवरून खाली गेलं. मग मी गाठोडं खाली ठेवलं, त्याची मान धरली आणि तांब्या त्याच्या ओठांना लावला. तो दोन घोट प्यायला. मग त्याने माझं मनगट धरलं. धरण्यात काही जोर नव्हता, लहान मूल झोपताना बोट धरतं तेवढंच. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "अडशो नहीं, बेन." हात लावू नका, एवढाच त्याचा अर्थ. तिने ते काळजीपोटीच म्हटलं असेल, पण माझ्या डोळ्यांपुढे एकदम माझी दोन मुलं आली. समोर रिक्षा येऊन थांबली होती. मी त्याचं एकेक बोट सोडवलं, गाठोडं उचललं आणि रिक्षात जाऊन बसले.

इथपर्यंत मी स्वतःला कसंबसं माफ केलं असतं. पण सुरतेची शटल रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. मी आत बसले आणि रिक्षावाला आणखी दोन गिऱ्हाइकांसाठी ओरडत राहिला. पाच मिनिटं गेली असतील. तो माणूस माझ्यापासून दहा पावलांवर होता आणि माझ्याकडेच बघत होता. मला उतरता आलं असतं. मी उतरले नाही. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि बघता बघता त्याची मान एका बाजूला गेली. कुणीतरी म्हणालं, "गयो." मग दोन गिऱ्हाइकं आली आणि रिक्षा सुटली. तांब्या माझ्याजवळ नाही, हे मला बाजारात उतरल्यावर कळलं.

घरी येऊन मी फिनेलच्या पाण्यात साडी बुडवली आणि डोक्यावरून आंघोळ केली. परक्याचं सुतक नसतं, आंघोळ झाली की मोकळं, शास्त्र इतकं सोपं आहे. पुढचे आठ दिवस मी ताप यायची वाट बघत होते. ताप आला नाही. मग हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचीही लाज वाटली. तो कुठला, त्याचं नाव काय, घरी कुणी आहे की नाही, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. टिकल्या लावताना हात मध्येच थांबायचा आणि मनगटावर ती बोटं जाणवायची. जेवण जाईना. नवऱ्याने डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरने ताकदीची लाल बाटली दिली. ती इतकी गोड होती की धाकटाच चोरून अर्धी प्यायला.

आत्याबाईंना माझ्या तब्येतीपेक्षा तांब्याची काळजी जास्त होती. तो त्यांच्या भावाने आमच्या लग्नात दिलेला, त्यावर माझ्या नवऱ्याचं नाव आणि आमच्या गावाचं नाव कोरलेलं. मी ठोकून दिलं की शेठच्या दुकानात राहिला. मग त्या दर तीन दिवसांनी विचारायच्या, आणि मी दर तीन दिवसांनी नवी थाप मारायची. देवापुढे दिवा लावत होते, पण नजर वर करत नव्हते. कानबाईला मनातल्या मनात एवढंच म्हणायची की ज्या हाताने मी मरणाऱ्या माणसाची बोटं सोडवली, त्या हाताने तुझे गहू कसे काढू? आणि नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार होतं.

शेवटी मी काहीच ठरवलं नाही आणि गहू काढायचा दिवस आला. आंघोळ करून सुपात गहू घेऊन बसले. आत्याबाई हिरवी पट्टी वर सरकवून शेजारी बसल्या. आमच्या घरात सहा नावं होती. चुलत सासरे, माझा नवरा, दीर, माझे दोन मुलगे आणि दिराचा एक. प्रत्येकाचं नाव मनात घ्यायचं आणि पाटावरच्या पांढऱ्या कपड्यावर सव्वा मुठीची वेगळी ढिगुली करायची. मी डोळे मिटूनच काढत होते, म्हणजे चूक होणार नाही असं वाटलं. झाल्यावर आत्याबाईंनी सवयीने बोटांनी ढिगुल्या चाचपल्या. पुन्हा एकदा चाचपल्या.

"सात?" त्या म्हणाल्या. "कोनं नाव लिधं व?"

मी मोजलं. सातच होत्या. मी सातवं नाव घेतलं नव्हतं, घेणार कुठून, मला ते माहीतच नव्हतं. पण शेवटची मूठ टाकताना मनात कोण होतं ते मला पक्कं ठाऊक होतं.  जिवंत पुरुषांच्या नावाने काढायच्या धान्यात मी एका मेलेल्या, परक्या माणसाची मूठ काढून बसले होते. मला रडू फुटलं आणि मी सगळं सांगून टाकलं. खांब, तांब्या, बोटं, रिक्षात बसून काढलेली ती पाच मिनिटं, सगळं. आता त्या उठून जातील, नाहीतर मला तरी उठवतील, असं मला वाटलं. 

त्यांनी एवढंच विचारलं, "त्यानी पानी पिधं का?"

दोन घोट प्यायला, असं मी सांगितलं.

"काढेल दाना परत टाकतस नई," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. मी खासू." देवीच्या नावाने काढलेला दाणा माघारी जात नाही, तो वाटा मीच खाईन, असा त्यांनी निकाल दिला. आणि लगेच तांब्यावरून मला चांगल्या फैलावर घेतलं. खरं सांगते, महिन्याभरात त्या रात्री मी पहिल्यांदा दोन भाकरी खाल्ल्या. मन मात्र निवलं नव्हतं. आत्याबाईंनी पदरात घेतलं म्हणजे देवीने घेतलंच, असं मला वाटत नव्हतं.

रविवारी कानबाई बसली. आरती झाली, पुरणाचे रोट, खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी यांचा नैवेद्य दाखवला आणि पुरुषांची पंगत बसायच्या बेतात होती. तेवढ्यात दारात एक माणूस उभा राहिला. चाळिशीचा, अंगाने वाळलेला, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. कागद सोडून त्याने ते पुढे केलं. तो आमचा तांब्या होता. त्याच्या कडेला हात ठेवून त्याने विचारलं की हा लोटा तुमच्या घरचा का.

तो ओरिसाचा होता, पलीकडच्या भागात मागावर काम करणारा. पलसाण्याच्या एका रंगाच्या कारखान्यात त्याचा धाकटा भाऊ होता. छातीत दुखतं म्हणून थोरल्याकडे यायला निघाला आणि आमच्या नाक्यावर गेला. सरकारी दवाखान्यातून भावाचे कपडे आणि हा तांब्या त्याच्या हवाली केला होता. बोटं उघडून काढावा लागला, असं तिथल्या माणसाने त्याला सांगितलं. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. कारखान्यातल्या एका खानदेशी कामगाराने कोरलेली अक्षरं वाचली, आणि या गावची घरं गोडादऱ्यात आहेत असं सांगितलं. तीन सुट्ट्या तो गल्लोगल्ली विचारत फिरला होता.

"एक बात पूछना था, भाभी," तो म्हणाला. "उसने पानी पिया था? माँ हर चिट्ठी में यही पूछती है."

मी म्हटलं, प्यायला, दोन घोट, मी पाजलं. एवढ्यावर थांबले असते तर तो मला हात जोडून गेला असता. पण कानबाई समोर बसली होती. मी त्याला म्हटलं, "बाद में मैंने हाथ छुड़ा लिया. रिक्शा में बैठ गई. वहीं से देखा."

 त्याला राग येईल असं वाटलं आणि तो यावा असंही वाटलं. मग तो म्हणाला, "हम समझे थे, सड़क पर अकेला गया. लोटा देखा तो समझे, कोई था."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. आत्याबाई कधी मागे आल्या ते मला कळलं नाही. त्यांनी त्याच्या हाताला धरून त्याला आत घेतलं. चुलत सासरे कुरकुरले की रोटांच्या पंगतीला परका माणूस चालत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं, आमची रीतच ती आहे. आत्याबाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं की गहू सात जणांचे काढलेत, पानं मोजून घ्या. मग त्या माणसाकडे वळून, त्याला कळो न कळो, आपल्याच बोलीत म्हणाल्या, "बठ, भाऊ. तुना वाटा मोजेल शे."

तो बसला. तुझा वाटा मोजलेला आहे, हे त्याला शब्दांवरून कळलं नसावं, पण पान पुढे आल्यावर कळलं असावं. पहिला घास हातात घेऊन तो थोडा वेळ तसाच थांबला, मग जेवला. पोटभर जेवला. मी त्याला वाढलं. त्याच हाताने वाढलं, आणि त्या हाताला काही झालं नाही. जाताना मी तांब्या भरून त्याला देऊ केला. त्याने पाणी पिऊन तांब्या परत ठेवला आणि आईला आजच लिहितो असं सांगून गेला. दुसऱ्या दिवशी तापीवर कानबाईला निरोप द्यायला मी गेले, आणि महिन्याभरात पहिल्यांदा तिच्याकडे नजर वर करून बघितलं.

पुढच्या श्रावणात मी आत्याबाईंना विचारलं की यंदाही सातवी मूठ काढू का. त्या म्हणाल्या, "एकदाव चुकनी ती तिनी मूठ. मुद्दाम चुकाडशी ती तुनी." चुकून पडली ती देवीची मूठ, मुद्दाम टाकशील ती तुझी. त्यानंतर मी नेमक्या सहाच मुठी काढत आले. सहावी टाकल्यावर हात थोडा थांबतो, थांबू देते. आपल्या हातून काय घडावं हे सगळं आपल्याकडे नसतं, एवढं मला त्या वर्षी समजलं. चांगलं घडलं तरी फुगायचं नाही आणि वाईट घडलं तर ते लपवायचं नाही, दोन्ही कानबाईपुढे ठेवून द्यायचं.

तांब्या अजून घरात आहे. बाहेर निघाले की भरून पिशवीत असतो. एक गोष्ट मात्र मी पुष्कळदा आठवून बघितली आहे. त्या दुपारी मी त्याची बोटं सोडवली तेव्हा तांब्या माझ्या दुसऱ्या हातात होता. तो मी त्याच्या हातात दिल्याचं मला काही केल्या आठवत नाही. म्हणून तो मी दिला, असं मला आजही म्हणवत नाही.