गच्चीवर वाळवलेली फळी

शनिअमावस्येला शिंगणापुरात पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी काकांनी माझी खोली भाविकांना दिली. मला विचारलं नाही. आमच्या गावात घरांना दारं नसतात. माझ्या खोलीलाही नुसती चौकट आणि पडदा.

खोलीत एक टब होता आणि टबात पाण्याखाली हातभर लांबीची फळी. कोकण किनाऱ्याजवळ बुडालेल्या, एकोणिसाव्या शतकातल्या शिडाच्या गलबताची. मी पुण्यात पुरातत्त्व शिकते. विभागातली टाकी गळायला लागली म्हणून मॅडमनी तो तुकडा सुट्टीपुरता माझ्या हवाली केला होता. फळी कोणत्या झाडाची, ते झाड कुठल्या जंगलातलं, हे मला शोधायचं होतं. माझं स्वतःचं पहिलं काम. इतकी वर्षं समुद्रात राहिलेलं लाकूड आतल्या पाण्यावरच तगून असतं. एकदम वाळलं की आक्रसतं, फुटतं. हे मी जेवताना सगळ्यांना सांगितलं होतं. माझं मराठी इंग्रजी शाळेतलं, मी बोलायला लागले की चुलतभाऊ गालात हसतात. तरी सांगितलं होतं. काका "बरं बरं" म्हणाले होते.

मी नगरला मैत्रिणीकडे गेले होते. संध्याकाळी परतले तर खोलीत एक अनोळखी कुटुंब चहा पीत बसलं होतं आणि टबात त्यांचे कपडे भिजत होते. मी तशीच गच्चीवर गेले.

फळी कठड्याला टेकवली होती, काकूंच्या पापडांशेजारी. मधोमध फाटलेली, कडेला वळलेली. तिच्यातली, फळ्या एकमेकींना जोडायची लाकडी खुंटी गळून खाली पडली होती. उचलायला गेले तर बोटांत भुगा आला.

काका मागून आले. त्यांना वाटलं, मी खूश होईन.

"लई कुबट वास मारत हुती. म्हटलं जरा ऊन खाऊ दे. कुजली असती की."

मी फाटलेली बाजू दाखवली.

"मग काय झालं? चोरीला तर न्हाई ना गेली? हाय की हितंच."

हा आमच्या घराचा अभिमान. कुणी काही नेत नाही. नेत नाहीत, पण माझ्या कपाटात हात घालतात, माझी बॅग उपसतात, माझा फोन वाचतात, आणि वर मलाच विचारतात, आपल्याच घरात लपवायचं काय असतं?

मी मॅडमना फोटो पाठवला. रात्रीच्या पंगतीत काका पाहुण्यांना वाढत होते. चारचौघांत मी कधी आवाज चढवलेला नाही, तेव्हाही चढवला नाही.

"काका, मला माझ्या खोलीला दार हवंय. कडी लागेल असं."

काकूंचा झारा कढईवरच थांबला. पाहुण्या बाईंनी कानाला हात लावला.

"गावात राहून असं बोलू न्हाई, पोरी," काका हळूच म्हणाले.

"मग मी उद्या सकाळच्या बसनं जाते."

खोलीत येऊन मी बॅग भरली. फळीचे तुकडे ओल्या टॉवेलात गुंडाळले. आता त्याचा उपयोग नव्हता, तरी गुंडाळले. पडदा सारून काकू आत आल्या आणि मी काय काय भरतेय ते बघत उभ्या राहिल्या.