आमच्या सेफ्टी फिल्ममधला हॅरल्ड

दोह्यात, मदिनत खलीफातल्या आमच्या घरात ओट्याखालचं एक कपाट नुसतं दुसऱ्यांच्या डब्यांनी भरलंय. कुणी पुरणपोळ्या पाठवल्या, कुणी बिर्याणी. डबा रिकामा कसा परत द्यायचा म्हणून राहून गेला, आणि ती मंडळी कॉन्ट्रॅक्ट संपवून भारतात गेलीसुद्धा. हॅरल्डच्या किश्श्यांचं माझं तसंच झालंय. शुक्रवारी चार घरं जेवायला जमतात, टीव्हीवर एखादा इंग्रजी सिनेमा लागतो, आणि कुणीतरी घाईघाईनं रिमोट दाबून विचारतं, "वैशाली, हा तुमचा तो ना?"

तो आमचाच असतो. मग आमटी गार होते आणि मी सुरू होते. माझ्या नवऱ्याला, संदीपला, हे सगळं पाठ आहे, त्यामुळे तो गुपचूप वाढून घेतो.

*

फुटबॉल वर्ल्ड कपची तयारी ऐन भरात होती तेव्हाची गोष्ट. मेट्रोसाठी अख्खं दोहा उकरून ठेवलेलं. सकाळी ज्या रस्त्यानं ऑफिसला जावं तो संध्याकाळी गायब! मी एका बांधकाम कंपनीच्या ट्रेनिंग डिपार्टमेंटला होते. नवीन कामगार आले की त्यांना हॉलमध्ये बसवून सेफ्टी फिल्म दाखवायची, हेल्मेट घाला, बेल्ट लावा, पाणी प्या, आणि मग बसमध्ये घालून साइटवर पाठवायचं. फिल्म लिहिणं, शूट करणं, कापणं सगळं माझ्याकडे. आणि माझ्या डोक्यावर आमचे बॉस कुलकर्णी सर. पुण्याचे. वेळेचे पक्के, मताचे त्याहून पक्के. गळ्यात आयकार्डाशेजारी स्टॉपवॉच लटकवणारा माणूस मी त्याआधी फक्त शाळेच्या खेळाच्या मास्तरांत पाहिला होता.

आम्हाला फिल्ममध्ये एक गोरा सुपरवायझर हवा होता. एचआरमधल्या कुणाच्या तरी ओळखीनं हॅरल्ड आला. साठी उलटलेली, उंच, थोडा वाकलेला. बायको इथल्या एका युनिव्हर्सिटीत शिकवायला आलेली, हा तिच्या व्हिसावर. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या आम्ही ढिगानं होतो, त्यामुळे मला त्याच्याबद्दल लगेच आपुलकी वाटली.

गंमत म्हणजे तो आत आल्याबरोबर कुलकर्णी सर म्हणाले, आपण अबूधाबीला भेटलोय, रिफायनरीच्या शटडाऊनला. हॅरल्ड म्हणाला, हो, असेल. अकाउंट्सचा माणूस म्हणाला, ह्यानं माझं रूट कॅनाल केलंय. हॅरल्डनं त्याला दाढ कशी आहे विचारलं.

नंतर मी त्याला म्हटलं, अहो, तुम्ही सगळ्यांनाच हो काय म्हणता? तर म्हणाला, "आयुष्यभर लोक मला कुठेतरी भेटलेले आहेत. नाही म्हटलं की पंधरा मिनिटं जातात."

*

उलगडा घरी झाला. रात्री जेवताना एक जुनी डिटेक्टिव्ह मालिका चालू होती. हिरो हॉटेलात शिरतो, काउंटरवरचा माणूस किल्ली देतो, हिरो वर जातो. किल्ली देणारा हॅरल्ड! मी घास तसाच टाकून फोन घेतला आणि शोधायला बसले.

बाई गं! न्यायाधीश, शेरिफ, पाद्री, बँकेचा मॅनेजर, हिरॉइनचा कंटाळवाणा काका. ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन नुसती मान हलवणारा डॉक्टर तर कितीदा. चाळीस वर्षं हा माणूस सिनेमात आणि टीव्हीवर होता, आणि नाव विचाराल तर कुणालाही माहीत नाही.

मला चौकशा फार. दुसऱ्या दिवशी चहाला गाठलंच. मान कशी हलवायची, हे काय शिकावं लागतं का? तो म्हणाला, तो डॉक्टर मान हलवतो ती पेशंट गेला म्हणून, पण त्याचे बूट सकाळपासून चावत असतात आणि घरी मुलगी रुसलेली असते. हे सगळं हॅरल्ड घरून ठरवून यायचा. किल्ली देणाऱ्यालासुद्धा त्यानं एक बहीण दिली होती, दुसऱ्या गावात राहणारी.

"म्हणजे आधीचं सगळं माझ्याकडे तयार असतं," तो म्हणाला. "नंतरचंही असतं. पण ते कुणीतरी विचारावं लागतं. चाळीस वर्षांत एकाही प्रेक्षकानं विचारलं नाही, की त्या माणसाचं पुढे काय झालं."

मी चटकन म्हटलं, मी विचारते ना! किल्लीवाल्याचं पुढे काय झालं?

"आता मी सांगितलं म्हणून विचारतेस," तो म्हणाला. "ते धरत नाहीत."

एवढंच हवं होतं बघा त्याला. पैसे, नाव, बक्षीस काही नाही. एका अनोळखी माणसानं आपणहून एक प्रश्न विचारायचा. मला तेव्हा वाटलं, ह्यात काय मोठंसं, होईल की. इतकं सोपं कुठलं!

*

पहिल्याच फिल्ममध्ये आमचा सुपरवायझर बेल्ट न लावता मचाणावर चढतो आणि पडतो. पडायचं गादीवर, मग खाली मातीत झोपायचं, कॅमेरा जवळ. हॅरल्ड असा काही झोपला की मीच दोन पावलं पुढे गेले. एक हात अंगाखाली, एक बूट निघालेला.

साइटचा सेफ्टी ऑफिसर जॉर्डनचा, ताडमाड, नवीन आलेला. शूटिंगचं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यानं पलीकडून हे पाहिलं आणि सायरन दाबला. क्रेन थांबल्या, मिक्सर थांबले. "यल्ला, यल्ला", चला चला, करत शेकडो माणसं असेंब्ली पॉइंटकडे निघाली. आता आम्ही ट्रेनिंगवाले. सायरन झाला की हातातलं टाकून असेंब्ली पॉइंटला जायचं, हे आम्हीच सगळ्यांना शिकवलेलं. मी गेले, कॅमेरामन गेला, कुलकर्णी सर तर सगळ्यांच्या पुढे.

तिथे उन्हात उभं करून मोजणी झाली. आमच्या डिपार्टमेंटचा एक माणूस कमी! कुलकर्णी सरांनी यादी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि दोघंही उलटे पळत सुटलो.

हॅरल्ड तसाच पडून होता. ॲम्ब्युलन्सचा नर्स त्याची नाडी धरून बसलेला, चेहऱ्यावर गोंधळ. सर धापा टाकत म्हणाले, अहो, उठलात का नाही? हॅरल्डनं डोळेही न उघडता सांगितलं, "कट कुणी म्हटलं नाही."

*

गणपतीत मराठी मंडळाचं नाटक असतं. शाळेचा हॉल भाड्यानं घ्यायचा, आदल्या दिवसापर्यंत कुणाचीही वाक्यं पाठ नसायची, सगळं रीतसर. त्या वर्षी पार्सल आणून देणाऱ्या माणसाचं काम करणारा ऐनवेळी ड्युटी लागून अडकला. वाक्य एकही नाही. मी हॅरल्डला विचारलं. त्यानं आधी काय विचारावं? हा माणूस कितव्या मजल्यावर आला आहे, आणि लिफ्ट चालू आहे का?

मी म्हटलं, लिफ्ट बंद आहे. माझंच चुकलं.

हिरोचं काम देशपांडे करत होते, मंडळाचे अध्यक्ष. त्यांचं रागाचं मोठं भाषण चालू असताना हॅरल्ड पार्सल घेऊन दारात आला. दम लागलेला. त्यानं भिंतीला हात टेकला. पत्ता वाचला, दाराकडे पाहिलं, परत पत्ता वाचला. खिशातून रुमाल काढला, मानेचा घाम पुसला. बस्स, एवढंच! पण अख्खा हॉल त्याच्याकडे बघत होता आणि देशपांडे इकडे बायकोला घटस्फोट देत होते.

शेवटी देशपांडेंनी पार्सल अक्षरशः हिसकावून घेतलं. हॅरल्डनं मान लववली आणि निघाला. विंगेत थांबलाच नाही. मागच्या दारानं बाहेर, जिना उतरून पार्किंगमध्ये, तिथून रस्त्यापर्यंत. पडदा पडल्यावर सगळे हात धरून नमस्काराला उभे, आणि हा नाही. मी शोधत गेले तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाशी उभा.

त्याला अजून दोन पार्सलं पोचवायची होती म्हणे.

परत येताना त्यानं हळूच विचारलं, कुणी काही विचारलं का? मी म्हटलं, हो, सगळे विचारत होते, तो जेवून जाणार ना? तो हसला, जेवला, अळूवड्या दोनदा घेतल्या. पण मला वाईट वाटलं. चारशे माणसं त्याच्याकडे डोळे लावून बसली होती, आणि तो गेल्यावर कुणालाच काही वाटलं नव्हतं.

*

मग शेवटची फिल्म आली. बायकोचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. वर्ल्ड कप दारात आलेला, आणि ही दोघं त्याच्या आधीच अमेरिकेला परत जाणार. इथून पुढे आमच्या फिल्मसुद्धा कार्टूनमध्ये होणार होत्या, म्हणजे माणूस नकोच. हॅरल्डचं हे शेवटचं काम. वयही झालेलं, तिकडे कोण बोलावणार होतं?

ह्या वेळी तो सुपरवायझर नव्हता, साधा कामगार होता. मचाणावर चढायच्या आधी तो बेल्ट घ्यायला विसरतो, एवढं मी लिहिलेलं. हॅरल्ड म्हणाला, विसरतो का? काहीतरी डोक्यात असणार. आणि शूटिंगच्या सकाळी तो मुऐदर भागातल्या एका दुकानातून खजुराचा डबा घेऊन आला, रंगीत कागदात बांधलेला. म्हणाला, पुढच्या आठवड्यात हा कामगार सुट्टीवर घरी निघालाय, हे घरच्यांसाठी. कामाला जाताना तो डबा मचाणाखाली सावलीत ठेवतो, ऊन लागू नये म्हणून जरा आत सरकवतो, आणि वर चढतो. पडल्यावर माझा कॅमेरा शेवटी त्या डब्यावर थांबायचा.

कुलकर्णी सरांनी कच्ची फिल्म पाहिली आणि स्टॉपवॉच दाखवलं. "सेफ्टीचा आणि खजुराचा काय संबंध? कापा."

हॅरल्डनं कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाला. आवाज चढवला नाही, नुसता खुर्चीत बसून राहिला आणि म्हणाला, माझं नाव काढा, पडण्याचा शॉट काढा, डबा राहू दे. शेवटी सर म्हणाले, ठीक आहे, एका बॅचला दाखवू. माणसं चुळबुळ करायला लागली, तर खलास, कापायचा.

*

त्या बॅचला हॅरल्ड आला, शेवटच्या रांगेत माझ्याशेजारी बसला. चार दिवसांनी त्याचं विमान होतं. समोर नव्यानं आलेली माणसं, बिहारची, तेलंगणाची, नेपाळची, नव्या कोऱ्या ढगळ युनिफॉर्ममध्ये. बाहेर बस उभी.

फिल्म सुरू झाली. डबा आला. मी सरांकडे पाहिलं, सर माणसांकडे बघत होते. कुणी हललं नाही. माणूस पडला. कॅमेरा डब्यावर थांबला. दिवे लागले.

सरांनी नेहमीप्रमाणे हिंदीत विचारलं, कोई सवाल? सवाल कधीच नसायचा. फार तर बस कधी, जेवण कुठे. सर फाइल मिटायलाच लागले होते.

दुसऱ्या रांगेतला एक माणूस उभा राहिला. चाळिशीचा असेल. हेल्मेट दोन्ही हातांत धरलेलं.

"साहब, वो खजूर फिर उसके घर किसने पहुँचाया?"

सरांच्या फाइलीत हेल्मेटचं उत्तर होतं, बेल्टचं होतं. ते परत फाइलीची पानं उलटायला लागले.

हॅरल्डला हिंदी येत नव्हती. त्यानं मला विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं. तो म्हणाला, "परत सांग." मी परत सांगितलं.

तो उठला. रांगांमधून वाट काढत पुढे गेला, त्या माणसाला खाली बसवलं आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. सगळ्यांनी त्याला तेव्हा ओळखलं. त्यानं मान वळवून मला हाक मारली.

"वैशाली, इकडे ये, ह्यांना हिंदीत सांग. आणि बसला थांबायला सांग, गोष्ट जरा मोठी आहे."

मी सरांकडे पाहिलं. स्टॉपवॉच टेबलावर ठेवलेलं होतं, आणि सर बस थांबवायला केव्हाच बाहेर गेले होते.