नव्या चाकांचा आवाज

पारोळ्याच्या नाक्यावरचा तो टायरवाला हवा तपासायला गेज वापरत नसे. टायर काढायच्या लोखंडी दांड्याने, टॉमीने, प्रत्येक चाकावर एक ठोका द्यायचा, मान कलती करून ऐकायचं आणि "शे" किंवा "नही शे", म्हणजे हवा बरोबर आहे किंवा नाही, एवढंच म्हणायचं. फैजपूरची केळी भरलेला माझा ट्रक वर्षानुवर्षं त्याच्या त्या एका शब्दावर धुळ्याकडे निघे.

एकदा मी हौसेने मोठी चाकं बसवली. त्याने पहिल्या चाकावर ठोका दिला, पुन्हा दिला आणि टॉमी खाली ठेवली. दुसरा कोणी "शे" म्हणून मोकळा झाला असता. बाकावर चार ड्रायव्हर चहा पीत बसले होते. त्यांच्यासमोरच त्याने माझ्यापुढे हात केला.

"तुमना गेज द्या भाऊ. या चाकस्ना आवाज मना कानले माहीत नही."

मग प्रत्येक चाकाची हवा त्याने थोडी सोडली, थोडी भरली, दर वेळी गेज लावला आणि ठोका ऐकला. मी घाई करत होतो. त्याने मान वर केली नाही. तासाभराने "शे" म्हणाला.

पुढच्या खेपेला मी आपणहून गेज काढला. त्याने तो माझ्याच खिशात परत घातला आणि टॉमी उचलली.