हजराबीने न भरलेला चुडा

हजराबी बांगड्या भरताना मुलीच्या हाताकडे कधी बघत नसे, तोंडाकडे बघे. हात आपला तिच्या मांडीवर, बोटं चेपून सैल करणं चाललेलं, आणि गप्पा. तेवढ्यात पोर मन मोकळं करी. साठ सालानंतरची गोष्ट, लोधिवलीजवळच्या दवाखान्यात मी नर्स होते. मी काही विचारलं की याच पोरी अंगठ्याने जमीन उकरत उभ्या. खोटं कशाला सांगू, माझा जळफळाट व्हायचा.

शिळफाट्याहून बांगड्यांची पाटी डोक्यावर घेऊन ती गावोगाव फिरे. गेल्या साली बसलेली बांगडी सैल झालेली दिसली की आईला बजावी, "पोर वाळलीय गं. बाईंकडं ने." आई निमूट घेऊन येई. मी वर्षभर घसा कोरडा केलेला वाऱ्यावर आणि हिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

यमुनाचं लग्न ठरलं तेव्हा ती जेमतेम पंधराची होती. स्थळ लांबचं, गुजरातकडे कारखान्यात नोकरी, हुंडा नको, खर्चही त्यांचाच. नवऱ्यामुलाबरोबर फक्त एक मामा, बोलायला साखरेसारखा. यमुनाच्या वडिलांनी माझा सल्ला घेतला आणि मी शहाणीने सांगितलं, असं स्थळ सोडू नका. हळदीच्या आदल्या दिवशी यमुना आली, तिला रक्तवाढीच्या गोळ्याही बांधून दिल्या.

हळदीच्या दिवशी हजराबीला चुडा भरायला बोलावलं. मीही पाहुणी म्हणून बसले होते. यमुनाचा हात धरून ती बराच वेळ हळू आवाजात काहीबाही बोलत राहिली. मग हिरव्या बांगड्या तिने परत दोऱ्यात ओवल्या.

"सासरच्या बाईनं नवरीचा हात बघितल्याबिगर मी चुडा भरत नाय," ती मामाला म्हणाली. "आई नसंल तर चुलती आणा, नायतर शेजारीण. कुनी एक तरी बाई आसंलच ना रं तुमच्या गावात?"

मामा हसला, मग चिडला, दुसरी कासारीण आणतो म्हणाला. पण बायकांत कुजबूज सुरू झाली आणि वडीलही हजराबीच्या बाजूने अडून बसले. सासूला घेऊन येतो म्हणत दोघे हमरस्त्याकडे गेले ते गेलेच. नेरळकडची एक मुलगी त्यांनी अशीच लग्न लावून नेली होती, हे पुढे कळलं. तिचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही.

पोरगी वाचली याचा मला आनंद व्हायला हवा होता. आधी हेवाच वाटला. सारा गाव तिच्याभोवती आणि मी कोपऱ्यात.

हजराबी गेली त्या वर्षी यमुना बाळंतपणाला माझ्याकडे आली. नवरा खालापूरचा, भला माणूस. त्या हळदीच्या दिवशी हजराबीशी काय बोलली होतीस, असं मी अखेर विचारलं. त्या पळालेल्या नवऱ्यामुलाने एक गाव सांगितलं होतं, मामाने दुसरं. तिला ते खटकलं होतं, एवढंच.

"मग मला का नाही सांगितलंस? आदल्याच दिवशी माझ्याकडे आली होतीस ना?"

तिने हातातल्या बांगड्या मागे सारल्या.

"हजरामावशीनं इचारलं, तुला जायचं हाय का गं? तुमी म्हनालात, नशीब काडलंस."