बिनखताची कुंडी

आमच्या बॉटनीच्या ग्रुपमधला आज एकही बॉटनीत नाही. निम्मे आयटीत गेले. तरी भेटलो की गप्पा युरियावरच येतात! मेथी निवडायला बसावं आणि जुडी संपूच नये, तसे हे किस्से.

*

टी.वाय.चा प्रोजेक्ट होता: नायट्रोजन खत वाढवत नेलं, तर मेथी कशी वाढते? तीन कुंड्यांना कमी-जास्त युरिया, चौथीला तुलनेसाठी काहीच नाही.

हडपसरच्या नामदेवनं घरी उरलेला युरिया आणला आणि थेट मूठ भरली. "आमच्याकडं हेच माप हाय, सर!"

"असं? मग मार्कही मुठीनंच देतो!"

नामदेव लगेच तराजू आणायला गेला. मार्कांची थट्टा त्याला परवडणारी नव्हती. कॉम्प्युटर कंपनीत नोकरी मिळाली होती, पण बी.एस्सी. पास होण्याच्या अटीवर. वडिलांची जमीन बिल्डरकडे गेलेली, घरचे सगळे त्याच्याकडे डोळे लावून बसलेले.

*

कुंड्या सुलभाच्या काकूंच्या नारायण पेठेतल्या गच्चीवर होत्या. सगळ्यात जास्त युरियाची मेथी बघता बघता करपली. सुलभा रडायलाच लागली.

सर म्हणाले, "कुंडीवर वाकून रडू नका. मीठ पडेल, रीडिंग बदलेल!"

*

खरा घोळ पुढेच. बिनखताची कुंडी सगळ्यात हिरवीगार!

"काकू, हिला खत घालू नका असं लिहिलंय ना?" सुलभानं विचारलं.

"खत कुठं घातलं? रोज तांदळाचं धुवण घातलं. बाकीच्या तिघी जेवणार आणि ही एकटी उपाशी? माझ्या घरी नाही चालायचं!"

नामदेवचा चेहराच उतरला.

*

प्रॅक्टिकलला कुंड्या लॅबमध्ये आणल्या. बाहेरून आलेले परीक्षक, म्हणजे एक्स्टर्नल, नेमके त्याच कुंडीपाशी थांबले. "ही कशी काय वाढली?"

आम्ही थाप ठरवून ठेवली होती. पण नामदेवनं सरळ सांगून टाकलं, "सर, प्रयोग फसलाय. हिला काकूंनी तांदळाचं धुवण घातलं."

एक्स्टर्नलनी सावकाश चष्मा पुसला. "फसलाय हे तुम्हाला कळलं तरी! बहुतेकांना तेही कळत नाही. पास!"

हुश्श! नामदेव तिथंच स्टुलावर बसला. मला तर इतकं हलकं वाटलं, की रडूच आलं.

एक्स्टर्नल दारापर्यंत गेले, थबकले, आमचे सर लांब आहेत ना ते पाहिलं आणि हळूच सुलभाला विचारलं,

"अहो, ते धुवण पहिलं की दुसरं?"