उपासाचा डालडा

नातीची मान काळी पडली तेव्हा सुनेनं ती आधी दगडानं घासली. मग बेसन लावलं, मग लिंबू. घडीतला काळेपणा तसाच राहिला आणि कातडी मात्र सोलून निघाली.

मी म्हटलं, "मळ असता तर एवढ्यात निघाला असता व."

"उन्हात पळते ना आत्याबाई, त्यानं झालं," सून म्हणाली.

ऊन काय फक्त मानेच्या घडीत शिरतं? पण सुनेशी वाद घालायचा म्हणजे आपलीच ताकद घालवायची.

पोरगी पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे उठून लोणारच्या रस्त्यावर पळायची. एकदा ग्राउंडला, म्हणजे भरतीच्या मैदानी परीक्षेला, जाऊन आली होती आणि धावण्यात मागं पडली होती. तिच्या बापानं, म्हणजे माझ्या मुलानं, तिला तोंडावर सांगून टाकलं होतं, "आखीन एक ग्राउंड देतो तुले. नाही जमलं तर कापूस निघाला की पाहुणे येतीन पाहायले." त्यामुळे ती जीव तोडून पळायची. आणि इतकं पळून वजन वाढतच होतं. हनुवटीवर केस यायला लागले होते. पाळी महिनेच्या महिने यायची नाही. मान, वजन, केस, पाळी, हे सगळं वेगवेगळं दुखणं आहे असंच आम्ही धरून चाललो होतो.

जवळच्या एका डॉक्टरनं खुर्चीतून न उठता सांगितलं, तेल-तूप बंद करा, खाणं कमी करा. माझी सून सांगितलेलं ऐकणारी बाई आहे. दुसऱ्या दिवसापासून पोरीची भाजी पाण्यात शिजायला लागली. कोरडी भाकर आणि ती भाजी. पोरगी चार घास खाऊन उठायची आणि घटकाभरानं डब्यातले मुरमुरे, बिस्किटं, चहात बुडवून टोस्ट. पळून आलेल्या पोरीला भूक लागणारच.

खाणं कमी कसं करायचं, यावर सुनेनं उपास शोधून काढले. सोमवार, गुरुवार, वर चतुर्थी. "वजनबी उतरते आणि देवाचंबी होते," म्हणाली. पोरीला एकटीला जड जाऊ नये म्हणून तिनं स्वतःही धरले. आता आमच्या घरचा उपास म्हणजे साबुदाण्याची उसळ, तिच्यात बटाटा, वर केळ्याचे वेफर्स आणि दोनदा साखरेचा चहा. दुकानातलं सोयाबीनचं तेल उपासाला चालत नाही असं सुनेच्या माहेरचं शास्त्र. म्हणून उसळ डालड्यात.

मी विचारलं, "डॉक्टरनं तेल बंद सांगतलं ना व?"

"तेल बंद सांगतलं, आत्याबाई. डालड्याचं नाव नाही घेतलं त्यानं."



पूर्वी आमच्या घरात तेल पिशवीतून येत नव्हतं. कपाशीत तुरीच्या ओळी असायच्या, धुऱ्याला, म्हणजे बांधावर, तीळ असायचा, थंडीत करडई आणि एका पट्ट्यात जवस. करडई गावातल्या घाण्यावर न्यायची, तेल आपल्याला, उरलेली ढेप, म्हणजे पेंड, बैलांना. जवसाची चटणी बाराही महिने. कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हा पहिली काही वर्षं बोंडं अशी लागली की मुलानं धुऱ्यापर्यंत कपाशीच लावली. तीळ गेला. फरदड, म्हणजे वेचलेल्या झाडांचा दुसरा बहर, घ्यायची म्हणून कपाशीची पऱ्हाटी माघापर्यंत शेतात उभी राहायला लागली, मग करडई आणि जवस पेरणार कुठं? घाणा बंद पडला. बैल विकले, म्हैस विकली, तूपही गेलं. पुढं त्याच बीटीत गुलाबी अळी शिरली. बोंड फोडावं तर आत किडका कापूस. फवाऱ्यावर फवारे झाले. बीटीचा तोरा उतरला तरी तीळ काही धुऱ्यावर परत आला नाही. शेत आमचं आणि पोटात जातं ते सगळं दुकानातलं.

एका गुरुवारी पोरगी पळता पळता रस्त्यात खाली बसली. शेजारच्या बाया तिला धरून घरी घेऊन आल्या. सून म्हणाली, लिंबू-साखर पाजा. मी म्हटलं, आता बस झालं. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी एसटीनं मेहकरला गेले. तिथं एक डॉक्टरीण बाई बसते असं ऐकलं होतं. तिनं पोरीची मान पाहिली, हनुवटी पाहिली, पाळीचं विचारलं, रक्त घेतलं, पोटाचा फोटो काढायला लावला. रिपोर्ट पाहून पीसीओएस म्हणाली. मला काही समजलं नाही हे तिला दिसलं असावं.

"आजी, शेतात ओलीत आहे का?"

"हिरीवर आहे थोडं."

"दांडानं पाणी आलं, तरी वाफ्याचं तोंड फोडायला माणूस लागतो ना?"

"हाव, लागते."

"जेवणातली साखर म्हणजे ते पाणी. इन्सुलिन म्हणजे फावडेवाला. हिच्या अंगातली माती कडक झाली आहे, वाफ्याचं तोंड लवकर फुटत नाही. म्हणून शरीर आणखी माणसं पाठवतं, पुन्हा आणखी. इतके फावडेवाले जमले की ते नको तिथं खोदतात. त्यानंच पाळी अडते, त्यानंच हनुवटीवर केस येतात, त्यानंच मान काळी होते."

दगडानं घासलेली मान माझ्या डोळ्यापुढं आली. मी विचारलं, "मग तेल बंदच ठेवायचं का?"

"कोणी बंद केलं?" तिनं डोक्याला हात लावला. तिचं म्हणणं असं की तेल सगळं सारखं नसतं. डालडा, बेकरीचा माल, तळून तळून काळं पडलेलं तेल, यानं माती आणखी कडक होते. तीळ, शेंगदाणे, जवस, थोडं चांगलं तेल भाकरीसोबत पोटात गेलं तर साखर सावकाश चढते आणि भूकही लवकर लागत नाही. साबुदाणा म्हणजे तर नुसता लोंढा. "पण नुसत्या जवसानं बरं होईल असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "गोळ्या, पळणं आणि खाणं, तिन्ही लागतील. आणि सबुरी."

येताना बाजारात जवस विचारला. धान्यवाले चाचा हसले. "आता कोन खाते आजी? पाखरायवाले नेतात." पाखरांच्या वाट्याचा जवस घेऊन मी घरी आले, भाजला, तिखट-मीठ-लसूण घालून कुटला. वास सगळ्या घरात पसरला. आता सगळं सरळ होईल असं वाटलं. कशाचं काय.

"उपास मधातच मोडता येत नाही," सून म्हणाली. "धरले तेवढे पुरे करा लागते."

"मग उपासाले चटणी खाऊ दे तिले. लसणाशिवाय करून देतो."

"जवस उपासाले चालत नाही. ढोरं खातात त्याची ढेप."

"सरकीची ढेपबी ढोरंच खातात. त्या सरकीचं तेल वेफर्समंधी चालते का तुह्या देवाले?"

ती भांडी आपटायला लागली. मुलाकडं गेले. म्हटलं, हिरीजवळच्या पऱ्हाट्या उपट, चार ओळी जवस पेरू. तो मोबाईलवर कापसाचा भाव पाहत होता.

"माय, फरदडीचा कापूस यायचा आहे अजून. पुढच्या साली पाहू."

"तुही पोरगी पुढच्या सालापर्यंत थांबते का?"

"बजारात भेटते ना जवस? मंग?"

घरात एक माणूस ऐकेल तर शपथ.

शेवटी पोरीनंच केलं. पुढच्या गुरुवारी पळून आली, हातपाय धुतले आणि चुलीपाशी बसून ज्वारीची भाकर ताटात घेतली. चटणी घेतली, तिच्यावर तेल सोडलं. सून उसळीचं पातेलं घेऊन उभीच राहिली.

"काय करून राह्यली व? गुरुवार आहे."

"ठाऊक आहे मम्मी. ग्राउंडवर साहेब मले वार नाही विचारत, टाइम विचारते."

आणि खाल्ली. सुनेनं पोरीशी आणि माझ्याशी बोलणं टाकलं. स्वतःचे उपास मात्र सोडले नाहीत. उलट पोरीच्या वाटचेही आपणच धरले, म्हणजे देवाकडं कमी पडायला नको. पातेल्यातली उसळ दोघींची, खाणारी ती एकटी.

फरक काही लगेच पडला नाही. गोळ्यांनी पोरीला मळमळायचं, मग शेजारच्या दोघी-तिघी सांगायच्या की गोळ्या सोड, लग्न झालं की पाळी आपोआप येते. मी त्यांना दारातूनच वाटेला लावायचे. हिवाळा निम्मा सरल्यावर एका सकाळी पोरगी माझ्या खाटेवर येऊन बसली. "आजी, आली," एवढंच म्हणाली. पळताना दमही पुरायला लागला होता. भरतीला गेली, तेव्हा भाकर-चटणी बांधून घेऊन गेली, आणि या वेळी ग्राउंड निघालं. लेखी बाकी आहे, पण बापानं पाहुण्यांचं नाव घेणं बंद केलं.

सुनेचं तोंड उघडलं. "पाहा, पावला ना देव. माह्या उपासानं झालं."

 तिनं पोरीच्या वाटच्या उपासांची सांगता काढली. पाच बाया जेवायला, शिरा आणि पुऱ्या. पुऱ्या डालड्यात. पोरीनं एक पुरी घेतली आणि ताट सरकवून दिलं. मी चुलीशी पीठ मळून देत होते. सून कढईवर वाकली, घामानं पदर खाली घसरला आणि मला तिची मान दिसली. घडीत काळी, पोरीची होती तशीच. पोरीची मान घासणाऱ्या बाईची मान कोणी पाहिलीच नव्हती. पोरगी व्हायच्या आधी आणि नंतरही तिची पाळी सदा पुढंमागं व्हायची, तेही तेव्हा आठवलं.

"उद्या माह्यासोबत मेहकरले चाल," मी म्हटलं.

"मले काय झालं?" तिनं पुरी उलटवली. "आणि उद्या गुरुवार आहे आत्याबाई. पोरीचे सरले, माहे नाही सरले."